ईसीएम बदलणं, दोन ईसीएम जोडणं आणि ट्यूनिंग : नाशिककर गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्यूनिंगची, म्हणजे ईसीएम या इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून घ्यायची, चौकशी बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होते : "वरच्या व्हेरिएंटचा ईसीएम टाकला तर पिकअप वाढेल ना?" सहसा वाढत नाही, उलट गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे ईसीएम ताकद आवळून तिला जेमतेम चालू ठेवतो. ईसीएम स्वतः हवा ओढत नाही की इंधन फवारत नाही. कधी, किती वेळ आणि किती दाबाने फवारायचं एवढंच तो ठरवतो, आणि तेही मेमरीत भरलेल्या आकड्यांवरून. ते आकडे एका ठरावीक इंजिनाचे असतात : त्याचा टर्बो, त्याचे इंजेक्टर, त्याचे सेन्सर. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी आहे त्याच ईसीएममधले आकडे सुधारता येतात का ते पाहायचं, मग जोड-युनिट, आणि डबाच बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

रिमॅप, पिगीबॅक आणि स्टँडअलोन यांत फरक काय?

रिमॅपमध्ये डबा मूळचाच राहतो, आतली फाइल बदलते. पिगीबॅक म्हणजे सेन्सर आणि ईसीएम यांच्या मध्ये बसणारं छोटं युनिट. ते सिग्नल थोडा खोटा करून पुढे पाठवतं, त्यामुळे ईसीएम स्वतःहून जास्त इंधन देतो किंवा स्पार्क पुढे-मागे करतो. स्टँडअलोन म्हणजे मूळ ईसीएमचं काम पूर्ण काढून घेणारा स्वतंत्र कॉम्प्युटर. मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो, हॉलटेक, लिंक ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावं. यांपैकी पहिले दोन स्वतः बांधायच्या किटच्या रूपात सुरू झाले, म्हणून हौशी मंडळींत जास्त चालतात.

स्विफ्ट डीडीआयएसला ९० पीएसचा ईसीएम बसवला तर?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की नीट उलगडून सांगायला हवा. १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्याकडे दोन प्रमुख रूपांत आलं. स्विफ्टमधलं ७५ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), ज्याला साधा फिक्स्ड जॉमेट्री टर्बो आहे. आणि एसएक्स४, अर्टिगा, व्हिस्टा ९० यांतलं ९० पीएसचं, ज्याला व्हीजीटी आहे, म्हणजे आतली पाती हलवून बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी-जास्त करता येणारा टर्बो.

९० पीएसचा ईसीएम चावी ऑन होताच व्हीजीटीचा अ‍ॅक्चुएटर शोधतो. ७५ पीएसच्या गाडीत तो नाहीच, त्यामुळे फॉल्ट कोड पडतो आणि ताकद मर्यादित होते. समजा कोड दाबून टाकला, तरी बूस्टचं टेबल पाती हलतील असं धरून लिहिलेलं असतं. साध्या टर्बोतून अपेक्षित आरपीएमला तेवढी हवा येत नाही, इंधन मात्र त्या हवेच्या हिशोबाने पडतं. मग काळा धूर, वाढलेलं एक्झॉस्ट तापमान आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज.

खरंच ९० पीएस हवे असतील तर टर्बो, मॅनिफोल्ड, व्हॅक्यूम लाइन, इंजेक्टर, लूम (वायरींचा जुडगा) आणि ईसीएम असा अख्खा संच हलवावा लागतो. त्यापेक्षा मूळ ईसीएमचं मापात केलेलं रिमॅप स्वस्त पडतं आणि गाडी जास्त टिकते.

अगदी त्याच मॉडेलचा ईसीएम लावला, तरी गाडी सुरू होत नाही. का?

इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा. चावीतली चिप, बीसीएम (दिवे-दारं सांभाळणारा कॉम्प्युटर) किंवा इमोबिलायझर युनिट आणि ईसीएम यांची ओळख एकमेकांशी बांधलेली असते. दुसऱ्या गाडीचा ईसीएम ही चावी ओळखत नाही. स्टार्टर फिरतो, कधी इंजिन क्षणभर पेटतं आणि बंद पडतं, डॅशवरचा चावीचा दिवा लुकलुकत राहतो.

मार्ग तीन. कंपनीच्या स्कॅनरने नवं युनिट गाडीशी जुळवणं, पण वापरलेलं युनिट अनेक सिस्टिम स्वीकारत नाहीत. दुसरा, क्लोन : जुन्या ईसीएमची फ्लॅश आणि ईईप्रॉम या दोन्ही मेमरी वाचून जशीच्या तशी दुसऱ्यात लिहायची. तिसरा, इमोबिलायझर बंद करणं. हा मार्ग आम्ही सुचवत नाही. गाडी चोरायला सोपी होते, आणि चोरी झालीच तर विमा कंपनीसमोर तोंड उघडता येत नाही.

क्लोन करताना फक्त फ्लॅश लिहून थांबणं ही नेहमीची चूक. चावीचा आणि इंजेक्टरचा डेटा बहुधा ईईप्रॉममध्ये असतो. बेंचवर, म्हणजे डबा गाडीबाहेर टेबलावर ठेवून, लिहून झाल्यावर फाइल परत वाचून मूळ फाइलशी ताडून पाहा, मगच डबा बंद करा.

वापरलेला ईसीएम घेताना काय बघायचं?

कुर्ल्याच्या बाजारातून आलेला असो की इथल्या भंगारवाल्याकडचा, आधी लेबल वाचा. हार्डवेअर नंबर पूर्ण जुळला पाहिजे. सॉफ्टवेअर नंबर वेगळा असला तर चालतं, कारण तो लिहिता येतो. "कपलर बसतोय ना, मग चालेल" हे ऐकू नका. एकच कपलर (वायरींचा जोड) असलेल्या दोन ईसीएममध्ये पिना वेगवेगळ्या असू शकतात, आणि बारा व्होल्टची लाइन चुकून सेन्सरच्या पाच व्होल्टवर गेली की डबा जळतो.

मग पिना बघा. हिरवट थर म्हणजे आत पाणी गेलेलं आहे. पुराच्या किंवा बुडालेल्या गाडीचा ईसीएम फुकट मिळाला तरी घेऊ नका. आज चालतो आणि दोन महिन्यांनी मधूनच मिसिंग सुरू होतं, जे शोधता शोधता वायरमनचे दिवस जातात. झाकणाच्या कडेला सिलिकॉन लावलेलं दिसलं तर आधी कोणीतरी उघडलेला आहे असं धरा.

इंजेक्टरचे कोड पुन्हा टाकावे लागतात का?

कॉमन रेल डिझेलमध्ये, जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं, हो. प्रत्येक इंजेक्टर तयार झाल्यावर तपासला जातो आणि तो नेमका किती कमी-जास्त फवारतो याचा कोड त्याच्यावर कोरतात. बॉशच्या अनेक इंजेक्टरवर हा कोड सात अक्षर-अंकांचा असतो. सातपूरचा बॉशचा कारखाना, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही 'मायको', याच डिझेल इंजेक्शनच्या सामानासाठी ओळखला जातो, त्यामुळे नाशिकमध्ये हा विषय समजणारे कारागीर सापडतात.

कोड चुकीच्या सिलिंडरला टाकला तर आयडलला इंजिन थडथडतं, थंडीत पांढरा धूर येतो, आणि माणूस उगाच इंजिन माउंटिंग बदलत बसतो. ईसीएम काढण्याआधीच चारही कोड सिलिंडरच्या क्रमाने कागदावर उतरवून ठेवा.

रिमॅप करायला दिलंय. काय मागून घ्यायचं?

मूळ फाइल, हेच पहिलं. ती वाचून तुमच्या पेनड्राइव्हवर द्यायला सांगा. मूळ फाइल न वाचता इंटरनेटवरून उतरवलेली फाइल थेट लिहिणारे लोक आहेत. वरवर तोच सॉफ्टवेअर नंबर असला तरी कंपनीने मधल्या काळात अपडेट दिलेला असू शकतो.

फ्लॅश लिहिताना व्होल्टेज पडलं तर ईसीएम अर्धवट लिहिला जातो आणि गाडी मुकी होते. चावी ऑन ठेवून पाच ते वीस मिनिटं लिहिणं चालतं, आणि तेवढ्यात रेडिएटरचा फॅनही लागू शकतो. बॅटरीला ३० अँपिअर किंवा जास्त देणारा स्थिर सप्लाय जोडलेला हवा, व्होल्टेज १३ ते १३.८ च्या दरम्यान. साधा बॅटरी चार्जर नको. त्याचं व्होल्टेज उड्या मारतं. एसी, ब्लोअर, हेडलाइट बंद. लॅपटॉपची स्लीप सेटिंगही बंद करायची, हे हसण्यावारी नेऊ नका.

शेवटी चेकसम. फाइलमध्ये आकडे बदलले की पडताळणीची बेरीजही दुरुस्त करावी लागते. बरीच साधनं ती आपोआप करतात, काही करत नाहीत.

डिझेल रिमॅपमध्ये नेमकं काय बदलतात?

एकच स्क्रू पिळल्यासारखं ते नसतं. टेबलांची साखळी असते. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला त्यावरून चालकाची मागणी, मग टॉर्कची मर्यादा, मग धुराची मर्यादा, मग रेल प्रेशर, इंजेक्शनचा कालावधी आणि बूस्ट. यातली सगळ्यात कडक मर्यादा जिंकते. म्हणून नवशिक्याने फक्त मागणीचं टेबल वाढवलं तर काहीच फरक पडत नाही, आणि मग चिडून धुराची मर्यादा उघडली की मागचा माणूस काळा होतो.

चांगलं काम बूस्टपासून सुरू होतं : टर्बो किती हवा सुरक्षितपणे देऊ शकतो ते आधी, इंधन त्याच्या मागून. लॉगमध्ये (चालत्या गाडीच्या नोंदीत) मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांत सतत फरक दिसत असेल तर आकडे वाढवणं थांबवा. होज फाटलेली आहे, इंटरकूलर गळतोय किंवा टर्बो दमलाय. टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान मोजायचा प्रोब बसवला असेल तर लांब चढावर ते ७५० अंशांच्या वर रेंगाळू देऊ नका.

आणि धूर म्हणजे ताकद नव्हे. तो न जळालेला पैसा आहे.

ट्यूनिंग बॉक्स रेल सेन्सरच्या कपलरला लावतात, तो ठीक आहे का?

तो रेल प्रेशर कमी असल्याचं भासवतो, ईसीएम प्रेशर वाढवतो, त्याच कालावधीत जास्त डिझेल पडतं. लावायला दहा मिनिटं, काढायलाही तेवढीच. अडचण अशी की ईसीएमला खरं प्रेशर कळतच नाही, त्यामुळे त्याची सुरक्षाही आंधळी होते. १६०० बारच्या सिस्टिममध्ये ईसीएम १६०० समजत असताना प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त असू शकतं. आधीच झिजलेल्या इंजेक्टरचं रिटर्न (न फवारता टाकीकडे परत जाणारं डिझेल) वाढतं, पंपावर ताण येतो. लावायचाच असेल तर सगळ्यात खालच्या सेटिंगवर, आणि आधी इंजेक्टरची लीक-ऑफ (रिटर्न मोजायची) चाचणी करूनच.

क्लच आणि गिअरबॉक्स सोसतील का?

इंजिनाच्या आधी क्लच हात टेकतो. तिसऱ्या-चौथ्या गिअरला २००० आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढतो आणि वेग मागे राहतो तर क्लच घसरतोय. ऑटोमॅटिकमध्ये आकडा आधी शोधा. फोक्सवॅगनच्या डीक्यू२०० या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे, आणि १.५ टीएसआय इंजिन कंपनीकडूनच २५० न्यूटन मीटर देतं. तिथे टॉर्क वाढवायला जागा उरलेलीच नाही.

मूळ ईसीएम ठेवून दुसरा जोडता येतो का? डॅश, एसी, एबीएस चालू राहायला हवं.

येतो, आणि नव्या गाड्यांत बहुधा हाच शहाणा मार्ग आहे. मूळ ईसीएम कॅन लाइनवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या वायरीवर) डॅश, एबीएस, एसी, इमोबिलायझर यांच्याशी बोलत राहतो. इंधन आणि स्पार्क नवा ईसीएम चालवतो. पण दोन मालकांनी एकच वायर ओढायची नाही. इंजेक्टर आणि कॉइल यांना कायम एकाच ईसीएमने चालवायचं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर ते मूळ ईसीएमकडेच राहू द्या.

सेन्सरचं मात्र प्रत्येकाचं वेगळं आहे. थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) स्वतः ० ते ५ व्होल्टचा सिग्नल देतात. पाच व्होल्टचा सप्लाय एकाच ईसीएमकडून घेऊन सिग्नलची वायर दोघांना देता येते. हॉल टाइप क्रँक सेन्सरही (क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणारा) वाटून घेता येतो, एकाचाच पुल-अप (सिग्नलच्या वायरीला सप्लायशी जोडणारा रेझिस्टर) ठेवून. दोन वायरींचा मॅग्नेटिक क्रँक सेन्सर वाटू नका. दोन सर्किटांच्या भाराने त्याचा सिग्नल कमकुवत होतो आणि सेल मारताना, जेव्हा तो मुळातच क्षीण असतो, नेमका तेव्हाच हरवतो. दुसरा सेन्सर बसवा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरवर. हा सेन्सर म्हणजे फक्त तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर. ईसीएम त्याला आतून एका पुल-अप रेझिस्टरमधून पाच व्होल्ट देतो आणि मधलं व्होल्टेज वाचतो. समजा दोन्ही ईसीएमचे पुल-अप २.५ किलोओहमचे आहेत आणि २० अंशाला सेन्सरही २.५ किलोओहम आहे. एकटा ईसीएम जोडलेला असताना वाचन येतं २.५ व्होल्ट, बरोबर. दोघे एकाच वायरवर आले की पुल-अप समांतर होऊन १.२५ किलोओहमचा होतो आणि वाचन जातं ३.३३ व्होल्टवर. दोन्ही ईसीएमना वाटतं सेन्सर ५ किलोओहम आहे, म्हणजे पाणी ४-५ अंशांवर आहे. इंधन भरमसाट पडतं, प्लग काळे होतात.

गरम इंजिनावर हेच जास्त महागात पडतं. खरं तापमान ९० असताना ईसीएमला ६५ ते ७० च्या मध्ये कुठेतरी दिसतं. वॉर्म-अपचं जादा इंधन चालूच राहतं आणि फॅन लागायची वेळच येत नाही. एप्रिलच्या दुपारी द्वारका चौकात वाहतूक तुंबलेली असताना हेड गॅस्केट जायला एवढं पुरतं. उपाय साधा : नव्या ईसीएमसाठी वेगळा सेन्सर बसवा, किंवा एका ईसीएमच्या बोर्डवरचा पुल-अप काढा आणि त्या ईसीएमचं टेबल नव्याने भरा. हवेच्या तापमानाच्या सेन्सरलाही हाच नियम.

मूळ ईसीएमला आपले इंजेक्टर गायब दिसले की तो फॉल्ट कोड टाकतो. त्याच्या इंजेक्टर आउटपुटवर डमी रेझिस्टर द्यावे लागतात. १०० ओहमच्या रेझिस्टरवर १४ व्होल्टला जेमतेम २ वॉट पडतात, त्यामुळे ५ वॉटचा पुरतो. काही ईसीएम एवढ्या कमी करंटला 'ओपन सर्किट' समजतात. तिथे कमी ओहमचा आणि जास्त वॉटेजचा, पत्र्याला टेकवून.

अर्थिंग दोघांचं एकाच बिंदूवर, इंजिन ब्लॉकवर. दोन ईसीएमच्या अर्थमध्ये ०.१ व्होल्टचा फरक असला तर २५० किलोपास्कलच्या मॅप सेन्सरचं वाचन सुमारे ५ किलोपास्कलने चुकतं. इंजिन चालू, एसी आणि हेडलाइट लावलेले, अशा वेळी मल्टिमीटरने ईसीएमचा अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातला फरक मोजा. ०.०५ च्या आत असेल तर उत्तम.

स्टँडअलोन कोणत्या गाडीला शोभतो?

जुनी एस्टीम, झेन, जिप्सी, ट्रॅकवर किंवा रॅलीत पळणारी गाडी, किंवा नंतर टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन. रोज नाशिकरोडहून सातपूरला कामावर जायच्या गाडीला तो नको. सकाळची सुरुवात, एसी लागल्यावरचं आयडल, सिग्नलला घसरणारा आरपीएम ही बारीक कामं कंपनी दोन-तीन वर्षं करत असते. तुम्ही ती रविवारी करणार.

इंजेक्टरचं माप आधी काढा. साध्या पेट्रोल इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे मिनिटाला सुमारे ५ सीसी इंधन लागतं. १०० हॉर्सपॉवरला ५०० सीसी. चार इंजेक्टरना प्रत्येकी १२५. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून १५५ ते १६० सीसीचा. टर्बोला हा आकडा वाढवा. फार मोठे इंजेक्टर घेतले तर आयडलला ते नीट आवरत नाहीत.

वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) अनिवार्य. बॉशचा एलएसयू ४.९ नेहमी मिळतो. टर्बो असेल तर त्याच्यानंतर, आणि पाइपवर आडवा न लावता वरच्या बाजूला, किमान १० अंश चढता, म्हणजे पाण्याचा थेंब त्यात साचत नाही. सप्लाय न देता तो एक्झॉस्टमध्ये नुसता बसवून गाडी चालवली तर काजळीने मरतो.

स्टँडअलोन लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना क्रम काय?

इंजेक्टरचे कपलर काढून ठेवा. चावी ऑन करा आणि मॅप सेन्सरचं वाचन बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून ५८०-६०० मीटरवर आहे, त्यामुळे इंजिन बंद असताना ९४ ते ९५ किलोपास्कल दिसायला हवं. १०१ दिसलं तर कॅलिब्रेशन चुकलंय. मुंबईच्या मित्राची फाइल तशीच घेतली असेल.

थ्रॉटल पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा ठेवून त्याचं माप नोंदवा. थंड इंजिनावर पाणी आणि हवा यांची तापमानं एकसारखी दिसली पाहिजेत. मग टायमिंग सॉफ्टवेअरमधून १० अंशांवर स्थिर करा, सेल मारा आणि टायमिंग लाइटने पुलीवर बघा. इथे १० दिसल्याशिवाय इंधन जोडायचं नाही. इंजिन लागल्यावर २५००-३००० आरपीएमला परत बघा. टायमिंग आरपीएमबरोबर सरकत असेल तर मॅग्नेटिक क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत, बहुतेक वेळा हेच कारण.

त्यानंतर इंधन. क्रूझला (एकसारख्या वेगाला) लॅम्ब्डा १.० च्या आसपास (१.० म्हणजे आदर्श मिश्रण, त्याखाली म्हणजे जादा इंधन), टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर ०.८६ ते ०.८८, टर्बोला ०.७८ ते ०.८२. स्पार्क एकेक अंशाने पुढे न्या. ताकद वाढायची थांबली की थांबा, नॉकची (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांची) वाट बघू नका. थंड सुरुवातीचं टेबल एका दिवसात होत नाही, कारण इंजिन दिवसातून एकदाच पूर्ण थंड असतं. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटेला जी गाडी पहिल्या सेलला लागते तिचं टेबल झालं म्हणायचं.

मुंबईला ट्यून केलेली गाडी नाशिकला वेगळी का वागते?

हवेचा दाब साधारण ६ ते ७ टक्के कमी आहे. एअर फ्लो मीटरवर चालणाऱ्या गाडीला याने फरक पडत नाही, ती हवा थेट मोजते. मॅप सेन्सरवरच्या ट्यूनला थोडा पडतो. फक्त थ्रॉटलच्या कोनावर केलेल्या ट्यूनला पूर्ण पडतो, आणि रॅलीच्या काही गाड्यांत हाच प्रकार चालतो.

मेगास्क्वर्टसारखे ईसीएम चावी ऑन करताना, इंजिन लागण्याआधी, बाहेरचा दाब एकदा नोंदवतात आणि तोच पुढे धरतात. मुंबईत सुरू करून न थांबता कसारा घाट चढून आलात तर थ्रॉटलच्या कोनावरच्या ट्यूनमध्ये मुंबईचाच दाब धरून इंधन पडतं. गाडी रिच (जादा इंधनावर) चालते, अ‍ॅव्हरेज जातं, एवढंच. उलट प्रवासाची काळजी जास्त. नाशिकहून सुरू करून खाली उतरलात तर मिश्रण तेवढंच लीन (कमी इंधनाचं) होतं, आणि कल्याणच्या पुढे पूर्ण थ्रॉटल दिला तर नॉक होऊ शकतो. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबून इंजिन बंद करून पुन्हा लावणं हा फुकटचा उपाय. कायमचा उपाय म्हणजे बाहेरच्या दाबासाठी दुसरा सेन्सर.

टर्बोवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा : तोच एकूण दाब गाठायला इथे टर्बोला जास्त फिरावं लागतं.

ई-२० पेट्रोलने जुन्या ट्यूनचं काय होतं?

हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण शुद्ध पेट्रोलचं १४.७, ई-१० (१० टक्के इथेनॉल) चं सुमारे १४.१, ई-२० चं १३.५ च्या आसपास. ई-१० वर केलेला ट्यून ई-२० वर साधारण ४ टक्के लीन होतो. क्रूझला लॅम्ब्डा सेन्सर ते भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलला अनेक स्टँडअलोन सेटअपमध्ये ही दुरुस्ती बंद असते, आणि नुकसान तिथेच होतं. जुना ट्यून असेल तर वाइडबँड लावून एकदा पुन्हा तपासा, आणि मीटरवर एअर-फ्युएल रेशोऐवजी लॅम्ब्डा वाचायची सवय करा. इंधन कोणतंही असलं तरी आदर्श आकडा १.० च राहतो. जुन्या रबरी फ्युएल होजही याच वेळी बदला.

वायरिंगमध्ये काय चुकतं?

जवळजवळ सगळं. सेन्सरला ०.५ चौरस मिलिमीटर, इंजेक्टरला ०.७५ ते १, मुख्य सप्लायला २.५ ची वायर पुरते. क्रँक सेन्सरची वायर शील्डची, आणि शील्ड ईसीएमकडच्या एकाच टोकाला अर्थ. दोन्ही टोकं अर्थ केली की शील्डमधूनच करंट वाहायला लागतो आणि सिग्नल बिघडतो. ही वायर कॉइलच्या वायरींसोबत एका टेपमध्ये गुंडाळू नका. पंपाच्या रिलेला डायोड हवा.

पिळून टेप मारलेले सांधे इगतपुरी-त्र्यंबकच्या पहिल्याच पावसात बोलायला लागतात. क्रिंप करा, गोंद असलेली हीट-श्रिंक चढवा. ईसीएम केबिनमध्ये घ्या. बाहेरच ठेवायचा असेल तर कपलर खाली तोंड करून, आणि लूमला कपलरच्या आधी खालच्या बाजूला एक वळण द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं.

ट्यूनिंग रस्त्यावर करता येतं का?

डायनोवर (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर) करा. टेबलमधले पूर्ण लोडचे रकाने रस्त्यावर भरायला गेलात तर वेगमर्यादा मोडल्याशिवाय होत नाही. सिन्नरजवळ समृद्धी महामार्ग आहे म्हणून तो टेस्ट ट्रॅक होत नाही. तिथेही मर्यादा १२० आहे. क्रूझ आणि आयडल रस्त्यावर होतं, पण लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

बीएस-६ गाड्यांचं काय?

१ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांचे ईसीएम बरेच कुलूपबंद आहेत. अनेकदा डबा उघडून बेंचवरच वाचावा लागतो, आणि वॉरंटीत हे लपत नाही; फ्लॅश किती वेळा लिहिला याची नोंद अनेक ईसीएम ठेवतात. डीपीएफ (काजळी पकडणारा फिल्टर) किंवा ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) 'डिलीट' करून द्या अशी मागणी येते. ते बेकायदेशीर आहे. डीपीएफ वारंवार तुंबत असेल तर कारण शोधा : फक्त गावातल्या गावात छोट्या फेऱ्या, गळणारा इंजेक्टर, चुकीचं ऑइल किंवा बिघडलेला प्रेशर सेन्सर.

आरटीओ, पीयूसी आणि विमा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ(४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिनच बदलायचं असेल तर पेठ रोडवरच्या आरटीओत आधी अर्ज, मग काम.

पीयूसीत बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर असलेला, नीट केलेला ट्यून यात आरामात बसतो. बसत नसेल तर ट्यून चुकलाय, मशीन नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल हे दावा नाकारायला आयतं कारण होतं. स्पर्धेसाठी गाडी करत असाल तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या त्या वर्गाच्या नियमात ईसीएमबद्दल काय लिहिलंय ते सामान घेण्याआधी वाचा. काही वर्गांत मूळ ईसीएमच लागतो.

खर्च कुठे जातो?

डब्यात नाही. वायरिंगच्या मजुरीत, वाइडबँडमध्ये, डायनोच्या तासांत, आणि ट्यूनच्या आधी करायच्या दुरुस्त्यांत. कॉम्प्रेशन टेस्ट, इंजेक्टर साफ करणं, नवे प्लग, फिल्टर, व्हॅक्यूम गळती बंद करणं एवढं आधी करा. काही गाड्यांना त्यानंतर ट्यूनची गरजच उरत नाही.

गाडी विकताना काय करायचं?

मूळ फाइल परत लिहा, पिगीबॅक आणि डमी रेझिस्टर काढा, स्कॅनरवर सगळे कोड पुसून ५०-६० किलोमीटर चालवा आणि पुन्हा स्कॅन करा. कापलेल्या प्रत्येक वायरीचा नकाशा आणि मूळ ईसीएम घेणाऱ्याच्या हातात द्या. मूळ ईसीएम आधीच विकून बसलेल्यांना त्याच हार्डवेअर नंबरचा दुसरा शोधून तुमच्या बॅकअप फाइलवरून क्लोन करावा लागतो. म्हणून तो बॅकअप लॅपटॉपखेरीज आणखी एका ठिकाणी ठेवा.